मारोतीच्या नावाचा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. जुना, पण फक्त एकच दिवस पायात घातलेला. छत्री, खुर्ची, सायकल वगैरे मंडळी आत्मकथा सांगतात तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षं सेवा केलेली असते. माझी सेवा जेमतेम सहा तासांची. त्याआधीची आठ वर्षं मी कपाटात होतो. तेव्हा माझं चरित्र ऐकायला तुमचा फार वेळ जाणार नाही.

काळं कातडं, हलक्या फोमचा तळ आणि पुढे नाकात पोलादाची वाटी, असा माझा जन्म झाला. पायावर लोखंड पडलं तरी बोटं शाबूत राहावीत म्हणून ही वाटी. मी उजवा. डावाही आहे, पण तो अबोल. आम्हाला रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका पोलादाच्या मिलमध्ये पाठवलं. तिथे भट्टीवर मारोती आणि हरिदास ही जोडी वीस वर्षं एकत्र होती. आम्ही मारोतीच्या वाट्याला आलो. स्टोअरवाल्यानं माझ्या जिभेवर, म्हणजे नाड्यांखालच्या पट्टीवर, त्याचं नावही लिहिलं. मारोतीनं आमचं कौतुक केलं आणि आम्हाला घरी नेऊन ठेवलं, कारण त्याचे जुने अजून चालत होते. पुढच्याच महिन्यात मारोती काविळीनं गेला.

त्याच्या बायकोनं, मायाबाईंनी, आम्हाला खोक्यासकट हरिदासला दिलं. दोघांचा नंबर एकच होता. हरिदासनं आम्हाला बूढापाऱ्यातल्या आपल्या घरी नेलं आणि लोखंडी कपाटात ठेवलं. तिथे आमच्यासारखी बरीच मंडळी आधीपासून चांगल्या दिवसाची वाट पाहत होती: न फोडलेला डिनर सेट, प्लास्टिकमधलं ब्लँकेट, सत्काराची शाल. वर्षातून एकदा आम्हाला बाहेर काढत, फुंकर मारत, "एकदम नवे आहेत" म्हणत आणि पुन्हा आत ठेवत. एवढा मान क्वचितच कोणा बुटाला मिळाला असेल.

पण अंधारात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मी रिकामा नव्हतो. कोणीतरी आत पाय घालून बसल्यासारखं वजन माझ्यात असायचं. दुपारी शिफ्ट बदलायची वेळ झाली की ते वजन उठून उभं राहायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा बसायचं. मी डाव्याला विचारलं. तो बोलला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

आता त्या चांगल्या दिवसाबद्दल. कधीतरी डबा खाताना मारोती आणि हरिदासनं मोबाईलवर ज्वालामुखी पाहिला होता आणि ठरवलं होतं की एकदा ही भट्टी पाहायची. हिला मालक नाही, शिफ्ट नाही, सुपरवायझर नाही. हरिदास निवृत्त झाला तेव्हा त्याच्या मुलीनं, मोनालीनं, मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटाची तिकिटं काढली. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात अडीच हजार मीटरपेक्षा उंच असा जिवंत ज्वालामुखी आहे. तिनं बापासाठी चढाईचे बूटही आणले. ते हरिदासनं कपाटात ठेवले आणि आम्हाला काढलं.

"हे मारोतीचे आहेत," तो म्हणाला. "त्याले नेल्याबिगर मी कसा जाऊ?"

मोनालीनं पुढे वाद घातला नाही. विमानतळावर मात्र पिशवीतल्या माझ्या नाकानं यंत्र वाजवलं आणि हरिदासला दोनदा पिशवी उपसायला लावली.

चढाईच्या सकाळी हरिदासनं मला पहिल्यांदा पायात घातलं. एका बुटात एकच पाय मावतो, असा तोवर माझा समज होता.

कड्यावरून पाचशेहून जास्त पायऱ्या उतरून आम्ही ज्वालामुखीच्या पटांगणात आलो. झाड नाही, पक्षी नाही, वाळलेल्या शेणासारखा थिजलेला काळा दगड नजर जाईल तिथपर्यंत. वाट अशी नाहीच. दगडांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेले आहेत, एकावरून दुसऱ्यावर जायचं. आयुष्यभर मिलचा आवाज ऐकलेल्या हरिदासला ती शांतता सोसेना. तो दर दहा पावलांनी थांबायचा. तो थांबला की आमचं आणखी एक पाऊल पडायचं.

अकराच्या सुमारास धुकं उतरलं. आणि त्याच वेळी माझा तळ चहात बुडवलेल्या टोस्टसारखा सुटू लागला. मित्रांनो, आमच्यासारख्यांचा तळ पायात असला की टिकतो आणि जपून ठेवला की ओल खाऊन आतल्या आत कुजतो. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

"पोट्टी, बूट त भुगा होऊन राहिला," हरिदास म्हणाला.

"बाबा, आप यहीं बैठो. मैं अगला निशान देखके आती हूँ." मोनाली चार पावलं गेली आणि दिसेनाशी झाली. तिनं हाक मारली, यानं ओ दिली, पण धुक्यात हाका कुठून येतात तेच कळेना. तिच्या हाका लांब जाऊ लागल्या. ठिपका सुटला तर त्या दगडांत माणूस दिवसभर सापडत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

मिलच्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून भट्टीवाले बुटाचं नाक पत्र्यावर ठोकतात: एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे ये. मात्र ठोकणाऱ्याचा हात दिसल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. हरिदास घरीही असंच ठोकायचा, त्यामुळे मोनालीला ही भाषा येत होती. त्यानं मला दगडावर आपटलं. एकदा. थांब.

तिच्या हाका थांबल्या. मग उत्तर आलं. ठक, ठक. ये.

पण मोनाली उजवीकडे गेली होती आणि ठोके डावीकडून आले होते. शिवाय तिच्या पायात रबरी तळाचे बूट होते, त्यांचा असा ठोका निघत नाही. पुन्हा आलं, अगदी शांतपणे, ओळखीच्या लयीत: ठक, ठक. माझ्यातलं वजन उठून उभं राहिलं. हरिदासही उठला. त्याचा चेहरा मला खालून दिसत होता. तो हसत होता.

त्यानं एक पाय उचलला आणि तसाच धरला.

"मारोती," तो म्हणाला, "हात दाखव."

धुक्यातून हात आला नाही. हरिदासनं पाय खाली ठेवला, खाली बसला आणि उजवीकडे तोंड करून दोनदा ठोकलं. ठोकत राहिला. पोलादाची वाटी उघडी पडेपर्यंत ठोकलं. अखेर आवाजाच्या दिशेला त्याचा वर केलेला हात अंधुक दिसला, तेव्हा मोनाली आली आणि बापाच्या शेजारी बसली. तासाभरानं धुकं विरलं. डावीकडे वीस पावलांवर जमीन फाटली होती. तळ दिसत नव्हता.

मारोतीचा हेतू वाईट नसावा. एकट्याला कंटाळा येत असेल.

मोनालीच्या ओढणीनं आम्हाला पायाला बांधून हरिदास त्या पायऱ्या चढला. तोवर मी फारच हलका झालो होतो, आणि फक्त तळ गेल्यामुळे नव्हे.

रायपूरला परतल्यावर तो मायाबाईंकडे गेला. आम्हाला पिशवीतून काढून समोर ठेवलं.

"वहिनी, नेलं त्याले," तो म्हणाला.

मायाबाईंनी माझ्या जिभेवरच्या नावाची धूळ पदरानं पुसली. "काही म्हणले का ते?"

"ये म्हणे. मी नाही गेलो."

त्या उठल्या, आत जाऊन चहा ठेवला आणि तिथूनच म्हणाल्या, "बरं केलं, भाऊजी."

चहा नव्या कपांतून आला. कपांच्या बुडाला अजून दुकानाची चिठ्ठी होती. मी आता त्यांच्या दाराशी असतो, माझ्यात सदाफुली लावली आहे. मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. आम्हाला फार जपू नका. नवे आहोत तोवर घाला, चिखलात न्या, झिजवा. तुम्ही पाय घातला नाहीत तर बूट रिकामा राहतो, असं समजू नका.