पाणमांजरांचा पाचवा अंक

शेजारच्या कालिंदीकाकूंनी मला बजावलं होतं, की सिनेमा असा अर्ध्यात बंद करत जाऊ नकोस, न पाहिलेला शेवट घरी येतो. मी हसले आणि विहंगच्या तोंडात पुढचा घास घातला. रविवारी दुपारी, मी वरणभात कालवत असताना, तो आला.

काकू आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. सांगलीतल्या एका हौशी नाटकमंडळीत त्यांनी उभा जन्म विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं, त्यामुळे साधं बोलतानाही त्यांचा आवाज समोरच्याला पोचेल इतकाच असतो, त्यापलीकडे जात नाही. त्या दिवशी त्या विरजण मागायला आल्या आणि टीव्हीवरचा पाणमांजरांचा सिनेमा बघत दारातच थांबल्या.

"ह्या पिल्लाच्या बापाला काकाने मारलं ना?"

"हो. गादीसाठी."

"आणि आईला पत्ता नाही."

"नाही."

"मग हे जुनंच नाटक की. पाणमांजरं तेवढी नवीन."

मला ते माहीत होतं. एम.ए.ला मी शोकांतिकेचा पेपर मुद्दाम घेतला होता. मुलांच्या सिनेमासाठी मूळ नाटक कसं धुऊन पिळून घेतात, यावर मी काकूंना चांगलं अर्धा तास ऐकवलं असतं. भुताचा काजवा होतो. थडगं खणणाऱ्यांचे दोन गाणारे बेडूक होतात. राजपुत्रासाठी भरलेल्या विषाच्या पेल्याच्या जागी शिंका आणणारं सरबत येतं. आणि रंगमंचावर जिथे सगळी मरून पडायची, तिथे सगळी पाणमांजरं नदीकाठच्या चिखलात घसरगुंडी खेळतात. आईच्या वाट्याला मात्र धुतल्यावर काहीच उरत नाही. ती शेवटी टाळ्या वाजवते.

"शेवट लावून दे त्याला, हेमांगी," काकू म्हणाल्या.

"जेवण संपलं की टीव्ही बंद, असा नियम आहे आमचा. नाहीतर दिवसभर उठायचा नाही."

"उचललेली गोष्ट असते गं ती. वरून गोड शेवट टाचलेला असतो, म्हणून खालचा दबून राहतो. तू वरचा कधी लावतच नाहीस."

"मला माहीत आहे की शेवट."

"तुला आहे. त्याला कुठे आहे?"

विरजण घेऊन त्या गेल्या. विहंगचं ताट रोज त्या सिनेमात एकाच जागी रिकामं व्हायचं. राजपुत्र घरी परत येतो, काका दारात उभा राहून म्हणतो, "ये बाळा, वाटच बघत होतो." तिथे मी रिमोट उचलायची.

रविवारी आधी बेडरूमचं कापड झालं. मी तूप घ्यायला वळले तर दाराच्या जागी वरपासून खालपर्यंत एक पडदा सोडलेला होता आणि त्यावर आमची बेडरूम रंगवलेली होती. माझा नवरा सुहृद आत आडवा झाला होता, तो तसाच आडवा रंगवला गेला होता. चादरीच्या चुण्या फार छान साधल्या होत्या. पंख्याला एक पातं कमी होतं.

"सुहृद," मी हाक मारली.

"गॅस बंद केलास का?" कापडामागून आवाज आला.

"केला."

"मग झालं."

सिनेमातला बाप पहिल्याच प्रवेशात जातो, तेव्हा हे धरून चालण्यासारखंच होतं. आवाज तरी निरोगी होता.

मग बेल वाजली. दारात सुहृदएवढं उंच पाणमांजर उभं होतं. अंगावरून पाणी ठिबकत होतं आणि चपला हातात धरलेल्या होत्या.

"येऊ का, वहिनी? फरशी ओली होईल."

"पायपुसण्यावर उभे राहा जरा. आत्ताच पुसलीय."

ते मुकाट्याने पायपुसण्यावर उभे राहिले. विहंग खुर्चीवरून ओणवा होऊन बघत होता. टीव्ही बंदच होता.

"ये बाळा," ते म्हणाले, "वाटच बघत होतो."

"मी तर इथेच आहे, काका," विहंग म्हणाला.

मी रिमोट दाबला. म्हटलं, अजूनही घसरगुंडी लावून टाकू. टीव्हीवर आमचंच जेवणाचं टेबल दिसलं, ताटातला वरणभात, ओणवा विहंग, रिमोट धरलेली मी. हे समोरच्या भिंतीकडून घेतलेलं होतं. मी तिकडे पाहिलं. शोकेस होतं ती भिंत नव्हती. तिथे अंधार होता आणि अंधारात माणसं रांगांनी बसली होती. कुणीतरी वेफर्सचं पाकीट आवाज होणार नाही अशा बेताने फोडत होतं.

फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत कालिंदीकाकू स्टुलावर बसल्या होत्या. हात रिकामे होते. त्यांना सगळं पाठ होतं.

"काकू, आता?"

"आता काय. जेवण चालू आहे तोवर त्याला कुणी हात लावत नाही. ताट रिकामं झालं की राजपुत्राचा शेवट."

"घसरगुंडी नाही का घेता येणार?"

"ती सिनेमात. हे नाटक आहे, राणी."

मी घास लहान केले. आधी चिमणीएवढे, मग चिमणीच्या पिल्लाएवढे, मग एकेक शीत. भात संपत आला की पातेल्यातून वाढून घ्यायची. दर वाढणीला घर थोडं आत सरकत होतं. आधी बाथरूमचं कापड झालं, मग स्वयंपाकघराचं. कुकर रंगवलेला होता, पण शिट्टी खरी झाली. बाल्कनी गुंडाळून वर गेली. शेवटी टेबल, तीन खुर्च्या, दिवाण आणि फ्रिज एवढंच घर उरलं, आणि त्या तिन्ही खुर्च्यांवर मी, विहंग आणि पायपुसण्यावरून आत आलेले काका असे बसलेलो होतो.

"काका, तुमचं शेपूट खरं आहे?"

"ओढून बघ."

विहंगने ओढून बघितलं. "खरं आहे. माझे बाबा कुठे आहेत?"

"रंगवलेत."

विहंगने मान वळवून बघितलं. "पाय मोठे काढलेत," तो म्हणाला आणि त्याने आ केला.

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. हा मुलगा टीव्हीशिवाय कधी घास घेत नाही, आणि आज शीत न् शीत चावून खात होता. त्याचा जन्म झाल्यापासून मी काय काय मनात आणलंय. खिडकीचे गज, घशात अडकलेली द्राक्षं, प्लगमध्ये घातलेलं बोट. कुठून काय येईल ते कळायचं नाही, म्हणून मी सगळीकडे बघत बसायची. आज ते एकाच दारातून आलं होतं, समोर बसलं होतं आणि सुपारी हवी का विचारल्यावर नको म्हणालं होतं. मला एकाच ठिकाणी बघायचं होतं. इतकी विश्रांती मला कित्येक दिवसांत मिळाली नव्हती.

"तुम्हाला हे करावंसं वाटतं?" मी त्यांना विचारलं.

"वाटायचं काय त्यात, वहिनी. मला एवढंच काम आहे. सिनेमात तर मला शेवटी चिखलात पाडतात आणि सगळे हसतात."

पातेलं खरवडून झालं. मी डावाला लागलेली शितं काढली. मग ताटाच्या कडेचं एक. विहंगने ते खाल्लं आणि नेहमीसारखं "संपलं" म्हणाला. अंधारात खुर्च्या करकरल्या. लोक सावरून बसत होते.

काका उठले. फ्रिजवरून त्यांनी दुधाचा पेला आणला. आमचाच होता, विहंगचं नाव कोरलेला, बारशाला आलेला.

"जेवणावर दूध," ते म्हणाले. "राजपुत्रासाठी."

"नको पिऊस," असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण फटीतून काकूंचा आवाज आला आणि माझ्या तोंडून तोच निघाला: "पी बाळा. दोन घोट तरी पी."

त्याने दोन घोट घेतले. ओठांवर मिशी उमटली. मग त्याने पेला ढकलला. "पुरे."

अर्ध्याहून जास्त दूध राहिलं होतं. वर साय होती. आता या घरात विहंगने टाकलेलं कुठे जातं, ते कुणालाही विचारा. उरलेली पोळी, बिस्किटाचा भिजलेला तुकडा, केळ्याचा काळा पडलेला शेंडा, सगळं माझ्याच पोटात जातं. मी पेला उचलला.

"वहिनी," काका हलकेच म्हणाले, "तो तुमचा नाही."

"वाया जातं," मी म्हटलं.

फटीत काकू गप्प होत्या. मी पेला सायीसकट संपवला आणि पालथा करून समोरच्यांना दाखवला. सिनेमात आईला टाळ्या वाजवण्यापलीकडे काही ठेवत नाहीत. मूळ नाटकात मात्र मुलासाठीचा विषाचा पेला आईच पिते, ते काम तिचंच आहे. दूध गोड होतं, त्यात वेलची होती. पाय आधी जड झाले, मग उबदार.

विहंग खुर्चीवरून उतरला, माझ्या मागून गेला आणि दिवाणावर चढला. त्याने कूस बदलल्याचा आवाज आला. त्यानंतर आला नाही.

"काकू, तो झोपलाय ना? दोनच घोट प्यायला तो."

"समोर बघ," काकू म्हणाल्या. "या प्रवेशात राणी पाठ फिरवत नाही."

मी समोरच बघते आहे. मान वळत नाही, पण मला कसला त्रास नाही, माझं काही नको. तुम्ही पुढच्या रांगेत बसला आहात, तुम्हाला तिथून दिवाण दिसत असेल. त्याने पिवळा बनियन घातलाय. जरा वाकून बघा, त्याचं पोट वर-खाली होतंय का, आणि एवढं मला सांगा.