सप्टेंबरातली सहल

आमची रेनेल ओहायोत राहून सप्टेंबर विसरली, हे मला जूनमध्येच कळलं. फोनवर म्हणाली, "ममा, ऑर्लँडोच्या थीम पार्कची तिकिटं काढली बघ, तुझंही. सप्टेंबरचा दुसरा आठवडा. तेव्हा गर्दी नसते."

गर्दी नसते म्हणे! का नसते ते जरा आखातातल्या पाण्याला विचार की. लुइझियानाच्या या टोकाला, खाडीकाठी वाढलेली पोर ही. सप्टेंबर म्हणजे वादळं, हे तिला शाळेत जायच्या आधी ठाऊक होतं. अगदी जिभेवर आलं होतं माझ्या, पण गिळलं. बोलले असते तर सहल पुढच्या वर्षावर गेली असती, आणि अशी पुढची वर्षं मी पुष्कळ बघितलीत.

मागच्या मोठ्या वादळात रेनेलचं घर गेलं. छप्पर नव्हे, अख्खं घर. नवरा आणि रांगती मार्गो, दोघांना घेऊन ती उत्तरेला निघून गेली. जाताना म्हणाली, "या गावात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही." बोललं ते करते, बापाच्या वळणावर गेलीय. मी एकदाच ओहायोला गेले होते, तेव्हा मार्गो मला बघून सोफ्यामागे लपली. आता ती नऊ वर्षांची आहे. फोनवर मला 'मेमेर' म्हणते, आमच्याकडे आजीला म्हणतात तसं; आजोबा म्हणजे 'पपेर'. तिचा आवाज मला पाठ आहे. उंची मात्र माहीत नव्हती.

"तिला सांग ना सरळ," अल्सीद म्हणाला. हा माझा नवरा. जन्म कोळंबीच्या बोटीवर गेला, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलतो.

"तू सांगितलंस ना, तर आठवडाभर चूल बंद!"

"आणि काय गं, दोन तास रांगेत उभं राहायचं, आणि शेवटी काय तर खोट्या दलदलीत खोटी मगर? मागच्या अंगणात ये, फुकट दाखवतो."

बोलायला जातंय काय त्याचं! मला मगर बघायची नव्हतीच. मला त्या रांगेतच उभं राहायचं होतं. पोरीचा हात धरून, जितकी लांब असेल तितकी लांब रांग.

दर शनिवारी रेनेल फोनवर बेत सांगायची. पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी पाण्यातली घसरगुंडी. मी खेकड्यांचं विचारलं तर म्हणाली, "काही आणू नकोस गं ममा, हॉटेलात कुठे चूल आहे?"

आता हे खेकड्यांचं सांगायला हवं. ऑगस्ट लागला की आमच्याकडे घरोघरी फ्रीझर रिकामा करायची धांदल असते. वादळात वीज गेली तर सगळं कुजणार, म्हणून असेल नसेल ते खाऊन संपवायचं. माझा फ्रीझर मात्र दर ऑगस्टला काठोकाठ भरलेला. रेनेलला आवडतात म्हणून निवडलेले खेकडे, सोललेली कोळंबी, तिच्या झाडाची अंजिरं. नाताळला आली तर? दरवर्षी हेच. आणि दरवर्षी मार्चमध्ये ते सगळं आम्ही दोघं गुपचूप खातो.

सप्टेंबर उजाडला आणि आखातात वादळ उठलं. नाव ठेवलं होतं लुसिल. माझ्या चुलतसासूचं नाव! तीही अशीच न सांगता यायची. आधी लुसिल निघाली फ्लोरिडाकडे, म्हणजे आमच्या ऑर्लँडोवरच. रेनेलचा फोन आला, आवाज पडलेला. "बघू गं ममा. नाहीतर पुढच्या वर्षी."

त्या रात्री मी जेवले नाही. मार्गो फोनवर म्हणालीच होती, की वर्गातल्या मुली किल्ल्याला हसतात. पुढच्या वर्षी ती दहाची होणार. मग कसला किल्ला आणि कसली मेमेर!

दुसऱ्या दिवशी दुपारी लुसिल वळली. सरळ आमच्या अंगावर.

देवा, मला आनंद झाला. हो, झाला! स्वतःच्या घरावर वादळ येतंय आणि ही बाई पिशवी भरतेय गाणं गुणगुणत.

गाव सोडायचा हुकूम निघाला. अल्सीद बोट वरच्या कालव्यात नेऊन बांधणार होता, सगळे बोटवाले तेच करतात. दरवेळी मी उत्तरेला नणंदेकडे जाते. यंदा म्हटलं, पूर्वेला जाते, ऑर्लँडोला.

निघण्याआधी फ्रीझरमध्ये नाण्याचा कप ठेवला. कपात पाणी गोठवायचं, वर पंचवीस सेंटचं नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर वीज गेली नाही, खा खुशाल. तळाला गेलं असेल तर बर्फ वितळून पुन्हा गोठलाय, सगळं फेकून द्या. अल्सीद फ्रीझरकडे बघत राहिला. म्हणाला, "एवढा माल भरलायस, नाण्याला जागा कुठेय?" आणि मग चेष्टा सोडून त्याने मला जवळ घेतलं.

ऑर्लँडोत स्वच्छ ऊन होतं. मार्गो माझ्या खांद्याला लागत होती. तिने आपणहून हात धरला आणि सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी किल्ल्याच्या रांगेत असताना अल्सीदचा फोन आला. "घर उभं आहे. ओटा वाहून गेला." मग एवढा ओरडणारा माणूस हळू बोलला, "लिओंटीन, नाणं तळाला आहे गं."

ओट्यासाठी नाही रडले मी. त्या खेकड्यांसाठी रडले, भर रांगेत, वेड्यासारखी.

"पपेर काय म्हणाले?" मार्गोने विचारलं. "नाणं खाली गेलं?"

मी डोळे पुसायचं विसरले. "तुला कसलं नाणं माहितीय?"

"आमच्या फ्रीझरमध्ये पण आहे ना. आई रोज बघते."

"ओहायोत? तिथे कुठलं वादळ?"

रेनेल किल्ल्याकडे बघत होती. हनुवटी थरथरत होती तिची, लहानपणी थरथरायची तशी. "सप्टेंबर विसरेन का गं मी?" ती म्हणाली. "तू तेव्हा तिथे नसावीस म्हणून तर हा आठवडा घेतला. दरवर्षी हा महिना मी कसा काढते, माझं मला माहीत."

मेली! सप्टेंबर दोघींना पक्का ठाऊक, आणि दोघी एकमेकींपासून तेच लपवत होतो.

"काय होतं फ्रीझरमध्ये?" तिने विचारलं.

"तुझंच सगळं," मी म्हणाले. "दरवर्षी असतं."

रांग पुढे सरकली. आम्ही तिघी तिथेच उभ्या. मागचे लोक बाजूने पुढे जाऊ लागले. रेनेलने माझ्या हातातून फोन घेतला.

"पापा, फ्रीझरचं दार लावा आणि टेप मारा, वास सुटायला नको," ती म्हणाली. "पुन्हा उघडू नका. ते मी साफ करणार. शनिवारी ममाला घेऊन येतेय मी."