चौथी मूठ

आमच्या नूतनने जळगावच्या कॉलेजात मानववंशशास्त्र आणि समाजशास्त्र अशी दोन्हींची एकत्र पदवी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी, तिची काकू, तिला चिडवायचे, "माणसंच शिकायची तर आपल्या शिंदखेड्यात काय कमी आहेत?" पोरीने ते फारच मनावर घेतलं. गेल्या श्रावणात कानबाईच्या रोटांचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, अभ्यास करायला ती घरीच आली.

रोटांचे गहू घेताना आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक मूठ टाकतात. हे काम जाऊबाईंचं, म्हणजे नूतनच्या आईचं. नूतनचे वडील आबा, माझे हे आणि माझा दीपक, अशा तीन मुठी पुरतात. पण जाऊबाई चौथी टाकायच्या, त्यांच्या लेकाच्या, कुंदनच्या नावाची. लग्नावरून बापाशी भांडून तो सुरतला गेला, तेव्हापासून आबांनी घरात त्याचं नाव घ्यायला बंदी केली होती. ती मूठ पडायच्या वेळी मात्र आबा काही दिसलंच नाही असं करून नेमके दाराकडे बघत बसायचे. त्या हट्टी माणसाची तेवढीच माया उरली होती, आणि आम्ही सगळे ती जपून होतो.

नूतनलाही हे ठाऊक होतं. पण तिच्या सरांनी शिकवलेलं, ठाऊक असलं तरी विचारायचं, माणसाच्या तोंडूनच वदवून घ्यायचं. मोबाइल पुढे धरून तिने पुस्तकी मराठीत विचारलं, "आई, ही चौथी मूठ कोणाची?"

जाऊबाईंचा हात सुपावर तसाच थांबला. आता आबांनी ऐकलं नाही असं कसं दाखवायचं?

"कोनी शे ती मूठ?" आबांनी विचारलं. "टाकी दे परत कोठीमा."

जाऊबाईंनी गहू कोठीत टाकले. नूतन रडली, आईच्या पाया पडली, रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मला तिची कीव आली, आणि त्या सरांना चार शिव्या हासडाव्याशा वाटल्या.

यंदा ती मोबाइल आत ठेवून आईला चिकटून बसली. तीन मुठी झाल्या. आबा दाराकडे बघत होते. बघतच राहिले.

नूतन हळूच म्हणाली, "आई, टाक ना."

सगळ्यांच्या मुठी झाल्यासारखं जाऊबाईंनी सूप उचललं.

"नही बेटा. बठ्ठास्न्या व्हई गयात."

आबांनी तरीही दाराकडून मान वळवली नाही.