बेशुद्ध बाईंचं वकीलपत्र

तुमचा विश्वास बसायलाच हवा असं नाही, पण ती खाट मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

खाटेवरच्या बाई अभिनेत्री होत्या. पहिल्याच मालिकेत त्यांनी बेशुद्ध आई अशी वठवली, की पुढची अकरा वर्षं त्यांना कुणी उठूच देईना. कुठे विषबाधा, कुठे जिन्यावरून पडणं, कुठे नुसताच सुनेचा धक्का. कारणं बदलली, उशी तीच. सामानाच्या यादीत त्यांचं नाव सलाइनच्या स्टँडखाली असे. मंडळी त्यांच्या पायाशी डबे ठेवत. प्रत्येक नायिका रडे ती थेट त्यांच्या डाव्या कानात. त्या कानाला कायमचे दडे बसलेले.

‘नाट्यशिक्षणात पहिली आले होते मी,’ बाई नवऱ्याला म्हणत. ‘ते काय श्वास मोजायला?’

‘अ‍ॅक्शन’ ऐकलं की बाईंचे डोळे मिटत आणि ‘कट’ ऐकल्याशिवाय उघडत नसत. इतकं अंगवळणी पडलेलं, की नवरा रोज सकाळी चहा उशाशी ठेवून हळूच ‘कट’ म्हणे. गजराचं घड्याळ त्यानं केव्हाच मोडीत काढलं होतं.

आणि एके दिवशी बाईंना वकिलाची भूमिका मिळाली. उभी! वर चार पानं बोलायची. महिनाभर त्यांनी घोकंपट्टी केली, सरावासाठी भाजीवाल्याची उलटतपासणी घेऊन त्याला रडवलं. दिग्दर्शकानं बजावलं होतं, जमलं तर वर्षभर वकील, नाहीतर खाट आहेच.

कोर्टाचा सेट लागला. काळा कोट घालून बाई ताठ उभ्या राहिल्या. ‘अ‍ॅक्शन’ झालं आणि उभ्याउभ्या डोळे मिटले. ‘कट’ म्हणताच बाई टवटवीत. सहा वेळा हेच. न्यायाधीश झालेला नट पेंगू लागला.

शेवटी कोपऱ्यात बसलेला नवरा पुढे आला. ‘साहेब, सुरुवातच “कट” म्हणून करा. आमच्या घरी चालतं.’

दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला. बाईंचे डोळे उघडेच राहिले आणि त्यांनी चार पानं अशी झाडली, की आरोपी झालेल्या नटानं लहानपणी केलेली खरीखुरी चोरी कबूल केली. सेट टाळ्यांनी दणाणला.

मग कळलं, ‘कट’ ऐकताच कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद केला होता. वीस वर्षांची सवय. त्याला तरी काय बोलणार?

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला आणि लेखकाला बोलावलं. लेखकानं पाच मिनिटांत वकीलबाईंना कोर्टाच्या दारातच मोटारीखाली घातलं. खाट आली.

बाई निमूट आडव्या झाल्या. ‘अ‍ॅक्शन’. डोळे मिटले. नायिका डाव्या कानाशी वाकली. तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं, की सवय लागलीय ती डोळ्यांना. तोंडाला कुणी काही सांगितलेलंच नाही.

‘न्यायाधीश महाराज,’ मिटल्या डोळ्यांनी त्या म्हणाल्या, आणि चारही पानं घडाघडा बोलून गेल्या. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायचं विसरला, म्हणून कॅमेराही चालू राहिला.

प्रेक्षक वेडे झाले. सध्या बाईंच्या हातात चार मालिका आहेत: एकीत वकील, एकीत मुख्याध्यापिका, दोहोंत पोलीस अधिकारी. चारही बेशुद्ध, चारही बडबड्या.

परवा सेटवर भेटल्या. पायाशी आता डबे नव्हते, हारतुरे होते. मी अभिनंदन केलं, तर उशीवरूनच म्हणाल्या, ‘एखादी भूमिका बसून करायची असली, तर सांगा हो.’