रविवारचं मत

गुरुशांतअप्पांनी अख्ख्या हयातीत एकाही साडीला वाईट म्हटलं नव्हतं. नवी पेठेतल्या ज्या दुकानात त्यांचा जन्म गेला, तिथं पांढऱ्याशुभ्र गादीवर बसून साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे ते गिऱ्हाइकाच्या आधी ओळखायचं, एवढंच त्यांचं काम. त्यात ते चांगले मुरलेले होते. तोंडाकडं बघायचं नाही, कारण भाव पाडायचा म्हणून तोंड खोटं बोलतं. बोटांकडं बघायचं, हा त्यांचा नियम. बाई ढीगभर साड्या उलगडायला लावेल, नाक मुरडेल, पण एखाद्या काठावर तिचं बोट जरा रेंगाळलं की अप्पा हळूच म्हणायचे, "ताई, ही बघा, तुमच्यासाठीच ठेवल्यासारखी." रंग जाणारा माल असला तर, "पहिल्यांदा तेवढी वेगळी भिजवा." स्वतःचं मत सांगायचा त्यांना कुणी पगार देत नव्हतं, आणि त्यांनीही ते कधी फुकट दिलं नाही.

असल्या माणसाची पिक्चरवरची मतं मंद्रूपपासून बार्शीपर्यंत गाजावीत, हे नवलच म्हणायचं.

त्याचं असं झालं. दुकानातली जुनी मंडळी एकेक करत घरी बसली. कुणाचे गुडघे गेले, कुणाचे डोळे. अण्णाराव, म्हणजे अप्पांच्या शेजारच्या गादीवरचे, बार्शीला लेकीकडं राहायला गेले. चनमल्लप्पा मंद्रूपला शेतावर. दुपारचा चहा संपला, थट्टामस्करी संपली, तेव्हा कुणाच्या तरी नातवानं या सगळ्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप करून दिला आणि त्याचं नाव ठेवलं 'इंटरव्हल'. शनिवारी सगळ्यांनी मिळून एक पिक्चर ठरवायचा, संध्याकाळी ज्यानं त्यानं आपापल्या घरी टीव्हीवर बघायचा, आणि रविवारी सकाळी मत टाकायचं, असा रिवाज पडला. बाकीचे "टाइमपास", "बरा हाय", "फायटिंग जोरात" एवढं लिहून मोकळे होत. अप्पांचं मत सगळ्यांत शेवटी यायचं आणि त्याची वाट बघितली जायची.

हाणामारीच्या एका पिक्चरवर त्यांनी लिहिलं होतं, "जीप हवेत उडाली, ते सोडून देऊ. पण एवढ्या धुळीत लोळून हिरोची पँट पांढरी कशी? साबण कुठला ते दाखवलं असतं तर पैसे वसूल झाले असते." दोन तास रडणाऱ्या एका सोशिक नायिकेवर लिहिलं, "हिला कुणीतरी आधी जेवायला घाला. पोट भरलं की आपोआप सुचंल." हे वाचून चनमल्लप्पा पोट धरधरून हसणारी पिवळी तोंडं ओळीनं पाठवायचा.

ही सगळी मतं सिद्धव्वाची होती.

सिद्धेश्वरी हे तिचं नाव, पण माहेरी आणि सासरी सगळे सिद्धव्वाच म्हणत. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं राग कानडीत आणि थट्टा मराठीत. विरेशनं, हैदराबादला राहणाऱ्या मुलानं, भिंतीवर भला मोठा टीव्ही टांगून दिला होता. शनिवारी संध्याकाळी ती पलंगावर मांडी घालून बसायची, पुढ्यात शेंगांचं ताट घ्यायची आणि आठवड्याच्या चटणीपुरत्या शेंगा फोडत पिक्चर बघायची. अप्पा शेजारी खुर्चीवर. बघता बघता ती जे बोलायची ते अप्पा ध्यानात ठेवायचे आणि सकाळी चष्मा लावून, एका बोटानं, फोनवर उतरवायचे. अगदीच पटलं नाही तर कानडीत "साकु", म्हणजे पुरे झालं, म्हणून ती स्वतःच टीव्ही बंद करायची. ग्रुपात आपल्या नावानं काय काय खपतंय ते तिला ठाऊक होतं. "माझा माल, तुमचं दुकान," म्हणायची. त्यात तिला मजा वाटायची.

दिवाळीनंतर सिद्धव्वा गेली. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती लिंगैक्य झाली, इतकं साधं. विरेश महिनाभर राहिला, हैदराबादला चला म्हणाला, अप्पा नको म्हणाले, आणि तो गेला.

ग्रुपातल्या माणसांनी सुतक पाळावं तसे शनिवार पाळले. बरेच आठवडे कुणी पिक्चरचं नाव काढलं नाही. मग एकदा चनमल्लप्पानंच लिहिलं, "अप्पा, आता या की. तुमच्याबिगर पिक्चर आळणी लागायलेत." अप्पांना ते वाचून बरं वाटलं. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं होतं कोण? दूधवाला पिशवी अडकवून जायचा, विरेशचा फोन "जेवलात का" म्हणून यायचा आणि "जेवलो" म्हटलं की संपायचा. त्यांनी लगेच लिहिलं, "येतो."

शनिवारी ते खुर्चीवर बसले. पलंगावर शेंगांचं ताट ठेवलं, ते का ठेवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पिक्चर लागला, चालला, संपला. सकाळी फोन हातात घेतला तर लिहायला काही नाही. पिक्चर आवडला की नाही, तेच त्यांना ठरवता येईना. खूप वेळानं त्यांनी लिहिलं, "पिक्चर चांगला आहे. सगळ्यांना चालेल असा आहे. टिकाऊ आहे." पाठवल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की आपण गादीवरचं बोललो. चनमल्लप्पानं नुसता अंगठा पाठवला.

पुढच्या रविवारीही तसंच. त्याच्या पुढच्याही. मग मतांची वाट बघणं थांबलं. अप्पांचं मत येण्याआधीच लोक दुसऱ्या विषयावर जायला लागले, कुणाचं पथ्य, कुणाची सून. हा ग्रुपही हातचा गेला तर रविवार कसा काढायचा, या विचारानं अप्पांना जेवण जाईना.

तेव्हा त्यांनी ठरवलं की सिद्धव्वासारखं लिहायचं. एवढी वर्षं तिचा माल विकला, तर तसा एक तागा आपल्याला विणता येऊ नये?

त्या शनिवारचा पिक्चर एका म्हाताऱ्याचा होता. बायको गेलेली, मुलगा परदेशात, मोठं घर आणि हा एकटा. रोज सवयीनं दोन कप चहा करायचा आणि एक कप मोरीत ओतायचा. अप्पा तो पिक्चर बघताना पलंगाकडंच जास्त बघत होते. सकाळी त्यांनी बरीच खाडाखोड करून लिहिलं, "रोज दोन कप चहा आणि एक मोरीत. म्हाताऱ्यानं एक कप चहा कमी केला असता तर साखर वाचली असती आणि पिक्चर अर्ध्या तासात आटपला असता."

ग्रुप उसळला. पिवळी तोंडं ओळीनं आली. "अप्पा परत आले," चनमल्लप्पानं लिहिलं. "ह्याचीच वाट बघत होतो," आणखी कुणी लिहिलं. अप्पा हसले, फोन खाली ठेवला, आणि चहा करायला उठले. भांड्यात पाणी ओतताना त्यांना काहीतरी घाण केल्यासारखं वाटलं. त्यांनी चहा केलाच नाही.

दुपारी अण्णारावांचा फोन आला. अण्णारावांनी ग्रुपात सकाळपासून काहीच लिहिलं नव्हतं.

"तुझं वाचलं, गुरू," अण्णाराव म्हणाले.

"व्हय. कसं वाटलं?"

"कुणी लिवलं?"

"मीच की. माझ्या नावानं आलंय न्हवं?"

"वहिनी त्या म्हाताऱ्याला हसल्या नसत्या," अण्णाराव म्हणाले. "त्या त्याच्या पोराला हसल्या असत्या. फोनवर 'चहा घेतला का' विचारणारं ते पोरगं. त्याला सोलला असता त्यांनी."

अप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? एवढी वर्षं शेजारच्या गादीवर बसलोय मी. रंग उतरणाऱ्या साडीलासुदिक तू कदी वाईट म्हणला न्हाईस. आणि तू पिक्चरची सालपटं काढशील? पयल्याच रविवारी कळलं हुतं मला."

"चनमल्लप्पाला?"

"समद्यांना. त्याची बायको तर दर रविवारी इचारायची, वहिनी काय म्हणल्या म्हणून. तुला लाज वाटंल म्हणून कुणी बोललं न्हाई."

अप्पांना आधी खरंच लाज वाटली. मग एक विचित्र आनंद झाला. म्हणजे सिद्धव्वा स्वयंपाकघर आणि पलंग एवढ्यातच राहिली नव्हती, मंद्रूपच्या शेतावर तिचं नाव निघत होतं. हे तिला सांगायला हवं होतं. आणि मग, सांगायला कुणी नाही हे आठवल्यावर, राहिलेली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. वाट बघितली जात होती ती तिची. आपली कुणीच बघत नव्हतं.

"मग मला परत कशाला बोलावलं?" त्यांनी विचारलं.

"तू हायस म्हणून. आणि कशाला?" अण्णाराव म्हणाले. "वहिनींचं संपलं, गुरू. आता तुझं सांग. पिक्चर कसा वाटला?"

"चांगला हुता. म्हंजी कसं, फॅमिलीला…"

"गादीवरनं उठ आधी."

अप्पा पलंगाच्या कडेला टेकले. ताटातल्या शेंगा धूळ खात होत्या. "खरं सांगू का अण्णाराव," ते म्हणाले, "मी कदी पिक्चर बघितलाच न्हाई. मी तिच्या हाताकडं बघायचो. शेंगा फोडता फोडता हात थांबला की समजायचं, हितं काळजाला लागलंय. भराभर चालला की समजायचं, कंटाळली. पिक्चर कसला हुता ते मला तिच्या बोटांवरनं कळायचं. आता टीव्हीत काय चाललंय तेच कळंना मला."

अण्णाराव म्हणाले, "परत बघ. आज बघ. टीव्हीकडं तोंड करून," आणि त्यांनी फोन ठेवला.

अप्पांनी लगेच काही केलं नाही. वाळलेले कपडे दोरीवरनं काढले, घड्या घातल्या, आणि घड्या अजून दुकानातल्यासारख्याच बसतात हे बघून घेतलं. मग उन्हं भिंतीवर असतानाच टीव्ही लावला. खुर्चीवर न बसता पलंगावर बसले, तिच्या जागेवर, कारण तिथून ती रिकामी जागा दिसत नाही. हाताला काही उद्योग असावा म्हणून ताट पुढ्यात ओढलं आणि शेंगा फोडायला लागले.

तोच म्हातारा, तोच चहा. चहाचं त्यांना आताही काही वाटलं नाही. म्हणजे काल तिकडं न बघताच आपण सकाळी चेष्टा केली होती, एवढं मात्र वाटलं. पोरगं फोनवर "चहा घेतला का" म्हणालं तेव्हा अण्णारावांचं म्हणणं पटलं आणि त्यांना थोडं हसू आलं. काल हे सगळं समोरून गेलं होतं आणि त्यांनी पाहिलं नव्हतं. पिक्चर पुढं सरकत होता, टरफलं पडत होती.

मग एक अगदी लहान गोष्ट आली. म्हातारा बाजारातून घरी येतो. वाटेत काहीतरी गंमत झालेली असते, कुणाचं तरी भांडण, तो स्वतःशी हसत हसत जिना चढतो, दार उघडतो, चप्पल काढता काढता सांगायला तोंड उघडतो आणि तसंच मिटतो. बस, तेवढंच. गाणं नाही, रडणं नाही. पुढच्या क्षणाला तो पिशवीतून कांदे काढत असतो.

अप्पांनी खाली बघितलं तर त्यांचा हात थांबला होता. शेंग अर्धी फुटून बोटांतच राहिली होती.

त्यांनी टीव्ही बंद केला. शेंग ताटात ठेवून ते कितीतरी वेळ आपल्याच बोटांकडं बघत राहिले. मग रडले. बायको गेल्यापासून लोकांसमोर रडले होते, पण एकटे असे पहिल्यांदाच, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल याची पर्वा न करता.

तोंड धुऊन आल्यावर त्यांनी फोन घेतला. सकाळच्या मताखाली पिवळी तोंडं अजून हसत होती. त्याच्या खाली त्यांनी एका बोटानं, शब्द जुळवत लिहिलं:

"सकाळचं कुणी मनावर घेऊ नका. ते सिद्धव्वाचं न्हवतं आणि माझंबी न्हवतं. पिक्चर आज परत बघितला. लई वाईट हाय. एकट्या माणसानं बघू नये."

पाठवायच्या आधी 'वाईट' या शब्दावर त्यांचं बोट जरा रेंगाळलं. मग त्यांनी पाठवून दिलं.

कुणाचंही पिवळं तोंड आलं नाही. थोड्या वेळानं अण्णारावांनी लिहिलं, "बरं." आणखी थोड्या वेळानं चनमल्लप्पानं विचारलं की पुढच्या शनिवारी कुठला बघायचा. अप्पांनी फोन बाजूला ठेवला आणि टरफलं गोळा केली. दाणे मूठभरच निघाले होते. चटणीला पुरण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांनी ते तिथंच पलंगावर बसून खाल्ले.