टाकी धुतल्याची तारीख

"हाही रद्द," खंडेराव देवरे म्हणाले आणि पाचवा कॅमेरा त्यांनी गच्चीच्या कठड्यावर अलगद ठेवला.

शेखरने कपाळाला हात लावला. बिटको चौकाजवळचं त्याचं कॅमेऱ्यांचं दुकान तळमजल्यावर होतं आणि सकाळपासून तीन जिने चढून-उतरून त्याच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती.

"काका, अठरा एक्स झूम आहे याला! काल मी यातून चंद्रावरचे खड्डे बघितले."

"चंद्रावर जाऊन खात्री करता येत नाही," खंडेराव शांतपणे म्हणाले. "टाकीची करता येते."

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला पस्तीस वर्षं काढलेला माणूस तो. प्रेशर गेजचा काटा अर्ध्या घराने जरी सरकला, तरी दुरून ओळखणारा. परवा, सप्टेंबरच्या तीस तारखेला, ते निवृत्त होणार होते. सेक्शनची रीत अशी, की जाणाऱ्याला सूटकेस किंवा भिंतीवरचं घड्याळ द्यायचं. खंडेरावांनी आधीच सांगून टाकलं होतं, "घड्याळ नको. कॅमेरा द्या, लांबचं जवळ आणणारा." वाटेवरच्या बंधाऱ्यावर थंडीत परदेशी बदकं उतरतात. पस्तीस वर्षं त्यांनी ती ड्यूटीवर जाता-येता नुसती पाहिली होती. आता ती घरी न्यायची होती.

खरेदी मनोजकडे सोपवलेली. हा त्यांच्याच हाताखाली शिकून तयार झालेला. बिचाऱ्याला वाटलं होतं, एका दुपारचं काम. त्याला चार महिने झाले. बारा एक्स पसंत पडेपर्यंत पंधरा एक्स निघाला. पंधराच्या पेन्सिल सेलवर चर्चा चालू असताना अठरा आला. हात थरथरला तरी फोटो हलत नाही म्हणणाऱ्या बटणावर खंडेरावांनी पंधरवडा घालवला. डिजिटल झूम म्हणजे वरणात पाणी ओतणं आहे, हे तर त्यांनी शेखरलाच समजावून सांगितलं. आणि आता उद्यावर निरोप समारंभ आलेला.

निवडीसाठी त्यांनी स्वतःची पद्धत काढली होती. चार गल्ल्या पलीकडच्या एका सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर, ती धुतल्याची तारीख निळ्या रंगात लिहिलेली होती. गुरुवारी ते स्वतः जाऊन टाकीच्या पायऱ्या अर्ध्यापर्यंत चढले आणि अक्षरांना नाक लावून तारीख वहीत उतरवून घेतली. वॉचमनने हटकलं तेव्हा "कॅलिब्रेशन चालू आहे" असं सांगितलं, आणि तोही बिचारा गप्प बसला. आता गच्चीवरून टाकीचा फोटो काढायचा, मागच्या पडद्यावर तो मोठा करायचा आणि तारीख वाचता आली तर कॅमेरा पास. वहीत रकाने पाडलेले होते: यंत्र, रीडिंग, शेरा, तपासणारा. शेऱ्याच्या रकान्यात पाच वेळा 'रद्द' झालं होतं.

"धुरकट येतं सगळं," खंडेराव वैतागले. "हल्ली मालच तसा. पेपरची शाईसुद्धा पूर्वीची राहिली नाही. केबलवाला फसवतो. बसच्या पाट्या कोण रंगवतं देव जाणे!"

सकाळपासून मनोज कठड्याला टेकून स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

जिन्याच्या सावलीत वत्सलाबाई शेंगा खात बसल्या होत्या. नवऱ्याला उद्यासाठी शर्ट घ्यायचा म्हणून त्या सोबत आल्या आणि इथेच अडकल्या. माहेर देवळ्याकडचं, संसार कॉलनीतला, आणि ऊन डोक्यावर आलेलं. त्या उठल्या.

"द्या इकडं. काय एवढं त्या टाकीत सोनं हे का, ते बघू."

"अगं, तुला नाही जमायचं. आधी ते बटण..."

"मिक्सर मीच चालवते ना?"

त्यांनी कॅमेरा उचलला, पडदा नाकासमोर धरला आणि शाळेत धडा वाचावा तसं खडखडीत वाचलं, "टाकी धुतल्याचा दिनांक चौदा, दोन, आठ. पुढील दिनांक चौदा, पाच, आठ." मग त्या थबकल्या. "अहो, म्हणजे मेमधी धुवायची ती धुतलीच नाय! लय वंगाळ. खाली बारीक अक्षरात रंगाऱ्याचं नाव पण हे. गोटीराम."

खंडेरावांनी वही उघडली. चौदा-दोन-आठ. चौदा-पाच-आठ. ही वही वत्सलाबाईंनी कधी पाहिली नव्हती. आणि गोटीराम तर त्यांनी नाक लावूनही वाचला नव्हता.

"आता हा बघ," ते म्हणाले. त्यांनी दुसरा कॅमेरा पुढे केला, मग तिसरा. वत्सलाबाईंनी पाचही कॅमेऱ्यांतून तीच तारीख वाचली. शेखर आनंदाने काही बोलणार होता, पण मनोजने त्याचा दंड धरला.

पोरांना शिकवताना खंडेराव एक वाक्य हजारदा म्हणत. रीडिंग चुकलं की पाइपलाइनला शिव्या देऊ नका, आधी गेज काढून तपासायला टेबलावर आणा. ते वाक्य आता त्यांच्याच कानात वाजलं आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट लक्षात आली: केंद्रातल्या गेजचे रोजचे आकडेही त्यांनी याच डोळ्यांनी वाचून लिहिले होते.

"मनोज, माझी लॉगशीटं..."

"बरोबर आहेत नाना."

"कशावरून?"

मनोजने बुटांवरची नजर काढली नाही. "दिवाळीपासून तुम्ही राउंड मारून गेलात, की मी मागून एक राउंड मारायचो. चुकलं असेल तिथं तुम्हालाच आकडा परत विचारायचो. तुम्ही जाऊन परत बघायचा, नाक लावून. मग बरोबर यायचा."

खंडेरावांना आठवलं. या पोराला एकदा सांगितलेलं कळत नाही, म्हणून वर्षभर ते त्याच्यावर डाफरत होते. त्यांना फार लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त त्या पोराबद्दल माया वाटली.

"डॉक्टरकडं चला म्हणून वर्षभर घसा कोरडा केला मी," वत्सलाबाई म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. "मोतीबिंदू निघतो अर्ध्या तासात. शेजारच्या नवसाबाई तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडायला लागल्या."

"बदकं कधी येतात काका?" शेखरने जपून विचारलं.

"नोव्हेंबरात."

"मग वेळ आहे की!"

खंडेराव कठड्याशी बसले. खिशातून पेन काढून त्यांनी पाचही 'रद्द' शब्दांवर एकेक रेघ मारली आणि पुढे 'पास' लिहिलं. मग सहावी ओळ आखली. यंत्र: देवरे, उजवा डोळा. रीडिंग: धुरकट. शेरा: दुरुस्तीस पाठवणे.

"कोणता बांधू मग?" शेखर म्हणाला.

"हिच्या हातात नीट बसेल तो. महिनाभर हीच चालवणार." आणि त्यांनी वही मनोजपुढे धरली. "तपासणाऱ्याची सही राहिली."

"नाना, कशाला..."

"सहीशिवाय नोंद पुरी होत नाही. मीच शिकवलंय ना?"

मनोजने सहाव्या ओळीपुढे सही केली. तारीख मात्र खंडेरावांनी स्वतः घातली, वही नाकाशी धरून.