मॅन्चिनीलची सावली

आमच्या छोट्या बेटावर, हिल्सबरोच्या बोटींच्या धक्क्यापासून बसने दहा मिनिटांवर माझं घर. मागच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. आल्या आल्या त्यांना सगळं सांगून टाकते. दुकानात शिरलात की आधी 'गुड मॉर्निंग', मग काय हवं ते. पोहायच्या कपड्यांत गावातून हिंडायचं नाही. लष्करी छापाचे कपडे बॅगेतच राहू देत, पोलीस अडवतात. बसमधून उतरायचं तर पत्र्यावर टकटक करा. ते मन लावून ऐकतात, आठवडाभर राहतात आणि जातात.

जानेवारीत टोरांटोहून माझ्या मुलीचा, व्हर्लिनचा फोन आला. एकोणिसाव्या वर्षी गेली, त्याला बावीस वर्षं झाली. नवऱ्याला आणि लेकीला घेऊन येते म्हणाली. मी एका डॅनिश जोडप्याला खोली नाही म्हणून कळवलं आणि नवे पडदे शिवायला घेतले.

चार दिवसांनी पुन्हा फोन. "मम्मी, तिकडचं पाणी चालेल ना प्यायला?"

"टाकीतलं पावसाचं पाणी. त्याच्यावरच तर वाढलीस तू."

"माझं नाही गं, नोराचं पोट नाजूक आहे. आणि हे बघ, आम्ही किनाऱ्यावरचं हॉटेल घेतलंय. एसीशिवाय झोपत नाही ती. तुलाही उगाच त्रास."

"मला कसला त्रास," मी म्हटलं. मग तिने जे जे विचारलं ते सांगितलं. बोटीत मागे बसा, पोट कमी ढवळतं. सुटे डॉलर जवळ ठेवा. पाहुण्यांशी बोलते त्याच आवाजात मी बोलत होते, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

आले. पाच दिवसांत एकदा घरी जेवून गेले. रविवारी चर्च सुटल्यावर मीच किनाऱ्यावर गेले, चांगल्या बुटांत वाळू भरत. जावई पाण्यात होता. व्हर्लिन झाडाखाली चादर अंथरून पुस्तक वाचत होती. शेजारी नोराने एक हिरवं, सफरचंदासारखं इवलं फळ उचललं होतं.

मॅन्चिनील. याचा चीक लागला तरी कातडी भाजते. धोक्याची खूण म्हणून खोडावर रंगवलेला लाल पट्टा खाऱ्या वाऱ्याने पुसट झाला होता.

मी धावले आणि तिच्या हातावर फटका मारला. फळ उडालं. पोर रडू लागली.

"मारतेस काय तिला?" व्हर्लिन उठली. "आम्ही हात नाही उगारत तिच्यावर."

"वर बघ, पोरी."

व्हर्लिनने वर पाहिलं. लहानपणी हे झाड ती दुसऱ्या पोरांना लांबूनच दाखवायची. तिचा चेहरा उतरला. "मला बदामाचं वाटलं," ती म्हणाली.

हॉटेलच्या नळावर आम्ही दोघींनी मिळून नोराचे हात साबणाने धुतले. काही झालेलं नव्हतं. व्हर्लिन हळूच म्हणाली, "मम्मी, अजून काय काय विसरले असेन मी?"

मी नळ बंद केला. "चादरही धुऊन घे," मी म्हटलं.

मंगळवारी ते गेले. धक्क्यावर व्हर्लिन मला बराच वेळ बिलगून होती. परतताना बसवाल्याने विचारलं, "गेली मुलगी?"

"गेली."

"राहायचं होतं की चार दिवस."

"तिला कामं असतात रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला : पोचलो, इथे बर्फ पडतोय. बर्फात काय करावं, काय करू नये, मला काय ठाऊक. फोन हातात धरून पायरीवर बसले. शेवटी लिहिलं, 'कान झाकून घे.'